क्लेबर घराण्यानं कुणालाही मारलेलं नाही, याबाबत

प्रति,
मा. अधिकारी महोदया,
स्मारक-संरक्षण विभाग (डेंकमालशुट्स),
क्राइस-कार्यालय (जिल्हा कचेरी),
दुसरा मजला, खोली क्र. २१४ (लिफ्ट बंद असते)

अर्जदार : श्रीमती मनोरमा श्रीधर वाळिंबे, वय ७३, मु. हिन्टरलिंडेन, कायझर्सलाउटर्नपासून बसने चाळीस मिनिटं

विषय : चर्चच्या आवारातल्या कुऱ्हाडीच्या दगडी क्रूसाजवळचा फलक काढणे, आणि त्यावरची गोष्ट खोटी असल्याचं शिक्क्यानिशी लिहून देणे. (अर्ज तिसरा)

संदर्भ : १) अर्जदाराचा अर्ज दि. १२ जून २०१७. २) त्यावर आपलं आभाराचं पत्र. ३) अर्जदाराचा अर्ज दि. ४ सप्टेंबर २०१७. ४) त्यावर आपलं पत्र व सोबतचं आमंत्रण.

महोदया,

सविनय जे सांगायचं ते आधीच्या दोन अर्जांत सांगून झालंय. आता विनय तेवढा शिल्लक आहे, आणि तोही थोडकाच. अर्जदार दमली आहे. तरी हा अर्ज शेवटपर्यंत वाचावा, मधे कॉफीला उठू नये, ही पहिली विनंती.

१. भाषेबद्दल. अर्ज मराठीत आहे, कारण खोटं मराठीत बोललं गेलं होतं, तर कबुलीही मराठीतच हवी. सोबत जर्मन भाषांतर जोडलंय. ते अर्जदाराची नात ऋचा (वय १४) हिने केलंय. मागच्या दोन्ही भाषांतरांत तिने "आजीला थोडक्यात असं म्हणायचं आहे" असं घालून निम्मा मजकूर गाळला होता, हे मागाहून उघडकीला आलं. या खेपेला तिला समोर बसवून, ओळीवर बोट ठेवून करून घेतलंय. मधूनमधून ती "आजी, नाइन!" (म्हणजे नाही, नाही) म्हणते. तेवढं भाषांतरात घेतलेलं नाही.

२. अर्जदार कोण. यजमान गेल्यावर, नोव्हेंबर २०१४ मध्ये, मुलगा चारुदत्त अर्जदाराला कोल्हापुराहून इथे घेऊन आला. तो गाड्यांच्या गिअरबॉक्सचं काहीतरी करतो. काय ते त्याने तीनदा समजावलंय. सून मीनल सॉफ्टवेअरमध्ये आहे. दोघं सकाळी सातला जातात, ऋचा साडेसातला, आणि मग संध्याकाळपर्यंत अर्जदार आणि डिशवॉशर, दोघंच घरात. अर्जदाराला गोष्टी रचून सांगायची खोड लहानपणापासून. तिच्या माहेरच्या विहिरीतलं कासव पेटीचा सूर लागला की वर येतं, असं तिने एकदा सांगितलं, तर पेठेतली चार माणसं खरोखर पेटी घेऊन निघाली होती. कासव आलं आणि काठावर बसून ऐकत राहिलं. (नाही, आलं नव्हतं. सवयीनं लिहिलं गेलं. खोडत नाही, कारण खाडाखोड झालेला अर्ज दप्तरी दाखल होत नाही, असं यजमान म्हणायचे, आणि त्यांनी तहसील कचेरीत एकतीस वर्षं काढली.)

३. दगडाबद्दल. आवारात पाण्याच्या नळामागे, लिंडनच्या झाडाखाली कमरेएवढा दगडी क्रूस आहे. हात आखूड, मान जाड, अंगभर शेवाळ आणि छातीवर कुऱ्हाड कोरलेली. २०१५ च्या मे महिन्यात अर्जदाराने तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा तिथे फलकबिलक काही नव्हता.

आमच्याकडे गावाच्या कडेला असे हत्यारं कोरलेले दगड उभे असतात. त्यांना वीरगळ म्हणतात. गाव राखताना, पळवलेली गुरं सोडवताना जो पडला, त्याचा तो दगड. पुढे त्याचं नाव लोक विसरतात, कूळ विसरतात, पण कुणीतरी म्हातारी तेल-शेंदूर लावत राहते. इथे कुणीच लावत नव्हतं. अर्जदाराला वाटलं, बिचाऱ्याच्या मागे कुणी उरलेलं दिसत नाही. तिथेच चूक झाली. हा पडलेल्याच्या पराक्रमाचा दगड नव्हे, हे तिला दोन वर्षांनी तुमच्या फलकावरून कळलं. पूर्वी इकडे कुणी माणूस मारला, तर मारणाऱ्यानेच मेलेल्याच्या आत्म्यासाठी प्रायश्चित्त म्हणून असा क्रूस उभा करायचा. झ्युनेक्रॉइत्स म्हणतात म्हणे. कुणी मारलं आणि कुणाला, ते या दगडावर लिहिलेलं नाही.

तर अर्जदार दर शनिवारी तिथे जायची. खोबरेल तेलात शेंदूर कालवून कुऱ्हाडीच्या खाचेत लावायची. थोडकाच, कुणाच्या डोळ्यांवर येणार नाही असा. बुडाशी मोठा तांब्याभर पाणी घालायची. मग अकरा प्रदक्षिणा. त्या अनवाणी घालायच्या असतात, पण इथली थंडी बघता लोकरी मोज्यांत. हे ऑक्टोबर २०१६ पर्यंत चाललं. दीड वर्षात चुकलेले शनिवार चार. शेंदूर, पाणी आणि प्रदक्षिणा हे तिन्ही नीट लक्षात ठेवावं, महोदया. पुढे लागणार आहे.

४. फ्राऊ क्लेबरबद्दल. वाल्ट्राउट क्लेबर, वय ८१. गावातलं खाटकाचं दुकान त्यांच्या वडिलांचं, आजोबांचं, आणि त्याही आधीच्यांचं. लग्नाआधीही त्या क्लेबर आणि नंतरही क्लेबर, कारण नवरा लांबचा चुलतभाऊ. दुकान बंद होऊन वीस वर्षं झाली, पण दारावरची पितळी पाटी त्या दर शुक्रवारी घासायच्या. नवऱ्याची कबर त्याच आवारात आहे. तिला पाणी घालायला त्या आल्या होत्या, आणि अर्जदार दगडाला तेल चोपडत होती. आता ही बाई आरडाओरडा करणार, असं अर्जदाराला वाटलं. बाईंनी थोडा वेळ पाहिलं. मग आपली हिरवी झारी पुढे केली, कारण तांब्या लहान होता.

तेव्हापासून दर मंगळवारी चार वाजता दोघी दगडाशेजारच्या बाकावर. अर्जदाराला जर्मन शब्द चाळीस येतात, त्यातले बारा भाज्या. ऋचा शाळेतून येता येता मधे बसायची आणि इकडचं तिकडे करायची. फ्राऊ क्लेबर प्लमचा केक आणायच्या, अर्जदार चिवडा न्यायची, त्यांच्या दातांसाठी शेंगदाणे काढून. त्या अर्जदाराला 'फ्राऊ मनो' म्हणायच्या. यजमान गेल्यापासून 'मनो' म्हणणारं कुणी उरलं नव्हतं.

५. खोट्याबद्दल. ऑगस्ट २०१६, मंगळवार. चिवडा खारट झाला होता, हे अर्जदार मान्य करते. फ्राऊ क्लेबर म्हणाल्या, "फ्राऊ मनो, तुमच्याकडे मीठ चमच्यानं घालतात की फावड्यानं?" अर्जदार गप्प बसणारी नव्हे. ती म्हणाली, "मिठावरून तुम्ही बोलूच नका. मिठावरून तुमच्या घराण्यानं माणूस मारलाय, तो बघा दगड!" आणि मग रचत गेली. पाचशे वर्षांपूर्वी इथे एक मीठविक्या आला. त्याने भर चर्चसमोर सांगितलं की क्लेबरच्या सॉसेजमध्ये लाकडाचा भुसा असतो. क्लेबर खाटकाने कुऱ्हाड उचलली. मिठाचं पोतं फुटलं, रक्तात मीठ कालवलं गेलं, म्हणून आजही दगडाभोवती गवत उगवत नाही. कुऱ्हाडीला अजून लाली सुटते. आणि दगड शरमेनं दरसाल तांदळाच्या दाण्याएवढा खाटकाच्या दुकानाकडे झुकतो.

गवत का नाही, लाली कसली आणि बुडाची माती कशानं ढिली झाली, हे अर्जदाराला पक्कं ठाऊक होतं. गोष्ट सुचली ती त्यावरूनच.

फ्राऊ क्लेबर इतक्या हसल्या की केक नाकात गेला. वर म्हणाल्या, "माझ्या आजोबांनी त्या मीठवाल्याला सोडलं असतं, पण मीठ ठेवून घेतलं असतं." म्हणजे त्या दिवशी दोघींनाही माहीत होतं, महोदया. दोघींच्या मधली ती थट्टा होती. बाकावर सुरू झाली आणि बाकावरच संपायची.

६. पण मधे ऋचा होती. तिने ऑक्टोबरात शाळेत तीच गोष्ट 'आमच्या गावाचा दगड' म्हणून सांगितली आणि पहिला नंबर आणला. तिच्या शाळेतल्या बाईंचे यजमान हेर फोग्ट हे गावच्या इतिहास मंडळाचे अध्यक्ष. त्यांनी तुम्हाला कळवलं. फेब्रुवारी २०१७ मध्ये तुमचे तज्ज्ञ आले, दुर्बिणीएवढं भिंग घेऊन. त्यांच्या अहवालात तीन गोष्टी आहेत. एक, कुऱ्हाडीच्या खाचेत लाल रंग सापडला, तेलात कालवलेला, आणि तो जुने चित्रकार वापरत त्याच शिशाच्या जातीचा आहे. दोन, दगडाभोवती गोल पट्टा उघडा आहे. तीन, २०१३ च्या फोटोशी ताडून पाहता दगड दोन बोटं झुकलाय, तोही खाटकाच्या दुकानाकडे. खाली लिहिलंय, 'परंपरेला प्रत्यक्ष पुराव्याचा दुजोरा'.

शिवाय निवृत्त पोस्टमन हेर लुट्झ यांची साक्ष आहे, की ही गोष्ट त्यांनी एका आजीच्या तोंडून ऐकलीय. यात एक शब्द खोटा नाही. आजी म्हणजे अर्जदार. ते त्या मंगळवारी शेजारच्या बाकावर ब्रेड खात बसले होते.

दि. २१ मे रोजी फलक लागला. स्टीलचा, तीन भाषांत. अर्जदाराला पहिल्या रांगेत बसवून गुच्छ दिला. भाषण चाललं होतं, ती मान हलवत होती, आणि मग 'क्लेबर' हा शब्द आला. एकदा नाही, चारदा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अर्जदाराने मागे वळून पाहिलं. फ्राऊ क्लेबर दुसऱ्या रांगेत होत्या. त्यांनीही टाळ्या वाजवल्या, कारण बाकीचे वाजवत होते.

७. अर्जदाराने तुम्हाला पहिला अर्ज केला, की ही गोष्ट आपण रचली, तिला काही आधार नाही. तुम्ही उत्तर दिलंत, 'गावाच्या वारशात घातलेल्या मोलाच्या भरीबद्दल मनःपूर्वक आभार.' दुसऱ्या अर्जात अर्जदाराने शेंदूर, पाणी, प्रदक्षिणा सगळं कबूल केलं. त्यावर तुम्ही लिहिलंत, ते ऋचाने तीनदा वाचून दाखवलं आणि तिन्ही वेळा तेच निघालं : लोककथेला कर्ता नसतो, अर्जदार कर्ती असेल तर ती लोककथा नव्हे, पण ती लोककथा म्हणून नोंदली गेली आहे, सबब अर्जदार कर्ती नाही. साक्षीदार असल्यास हजर करावा. सोबत नाताळच्या बाजारात तीच गोष्ट सांगण्याचं आमंत्रण, वाइनसह.

सबंध आयुष्य अर्जदार खोटं बोलली आणि माणसं पेटी घेऊन धावली. वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी ती खरं बोलतेय, तर एक माणूस हलेना.

८. साक्षीदार एकच आहे. शेंदूर लावताना पाहिलेली, झारी देणारी, आणि गोष्ट रचली जात होती तेव्हा शेजारी बसून हसलेली. आता त्यांचं काय झालंय, ते सांगणं भाग आहे.

जुलैत फ्राऊ क्लेबर बाकावर आल्या. केक नव्हता. त्यांनी ऋचाला काहीतरी हळूच विचारलं. ऋचा म्हणाली, "आजी, त्या विचारतायत, तुला कसं कळलं?"

अर्जदार म्हणाली, "काय कसं कळलं?"

तर त्यांच्या लहानपणी दुकानात चर्चकडच्या भिंतीला कुऱ्हाड कधी टांगायचे नाहीत. का, ते कुणी सांगायचं नाही. त्या म्हणाल्या, का ते आता कळलं. अर्जदाराने ऋचाला सांगितलं, "अगं सांग त्यांना, त्या भिंतीला ओल असेल! लोखंड गंजतं ओलीनं! मी रचलं गं सगळं, त्यांच्यासमोर रचलं!" ऋचाने सांगितलं. फ्राऊ क्लेबरनी अर्जदाराचा हात हातात घेतला, थोपटला आणि म्हणाल्या, "तुम्ही फार चांगल्या आहात, फ्राऊ मनो. माझ्यासाठी खोटं बोलताय."

त्या दिवसापासून त्या आल्या नाहीत. पितळी पाटी उतरवली, तिच्या जागी चार भोकं आहेत. अर्जदार दारावर गेली तर पडदा हलतो, दार उघडत नाही. हेर लुट्झ सांगतात, त्या आता ब्रेडसुद्धा पलीकडच्या गावातून आणतात, कारण बेकरीला जाताना फलक लागतो. ऐंशी ओलांडलेल्या बाईच्या अंगावर पाचशे वर्षांपूर्वीचा खून पडलाय, जो झालाच नाही. झाला असेल, तर कुणी केला ते देव जाणे.

९. घरच्यांबद्दल, कारण तुम्ही विचाराल. सून मीनल म्हणते, "आई, प्लीज! आमच्या इथल्या पासपोर्टचे कागद कचेरीत आहेत, आणि तुम्ही सरकारला लिहून देताय की आपण स्मारकाला तेल लावलं म्हणून!" चारुदत्त म्हणतो, "आल्झो, आई, जाऊ दे ना आता." तो हल्ली 'आल्झो'शिवाय तोंड उघडत नाही, जसे त्याचे वडील 'हे बघ'शिवाय उघडायचे नाहीत. त्या दोघांचा यात काही हात नाही. स्मारकाशी विनापरवाना जे काही झालं ते एकट्या अर्जदाराने केलं. त्यासाठी जी शिक्षा असेल ती द्यावी. उठाबशा सोडून, गुडघे गेलेत.

१०. आता हा तिसरा अर्ज कशासाठी. गेल्या बुधवारी, १ नोव्हेंबरला, तुमचा सगळ्या संतांचा दिवस होता. त्या दिवशी सगळं गाव आपापल्या माणसांच्या कबरी साफ करतं, लाल काचेत दिवा ठेवतं. अर्जदार संध्याकाळी गेली होती. सगळ्या कबरींवर दिवे होते. एका कबरीवर नव्हता. फ्राऊ क्लेबरच्या त्रेपन्न वर्षांच्या संसारातल्या माणसाची कबर, आणि तिच्यावर वाळकी पानं, कारण तिथे जायचं तर फलकावरून जावं लागतं.

अर्जदाराकडे दिवाळीची एक पणती उरली होती. तिने पानं काढली आणि ती लावली. वारा होता, ती सात वेळा विझली. (दोन वेळा. अर्जदार प्रयत्न करते आहे.)

तरी विनंती अशी :

फलक काढावा. काढता येत नसेल, दोनशे सह्या लागत असतील, तर निदान क्लेबर हे नाव घासून काढावं. तेही होत नसेल, तर त्या नावाच्या जागी 'वाळिंबे' घालावं. कोल्हापूरकडचे वाळिंबे पाचशे वर्षांपूर्वी इथे काय करत होते, असं कुणी विचारलं तर अर्जदार काहीतरी सांगेल.

दुसरं. फलकाखाली एक ओळ असावी : 'ही गोष्ट खोटी आहे. सांगणारी मनोरमा वाळिंबे, बाकाची उजवी बाजू.' तुमच्याकडे ज्याने केलं त्याने दगड उभा करायचा, ही रीत आहेच. अर्जदार नवी रीत मागत नाही.

आणि तिसरं, तेच महत्त्वाचं. वरची दोन्ही नाही झाली तरी चालेल. तुमच्या कार्यालयाच्या कागदावर, गोल शिक्क्यानिशी, एवढंच लिहून द्यावं, की क्लेबर घराण्याने कुणाला मारल्याचा पुरावा नाही, आणि लाल रंग कोल्हापूरचा आहे. अर्जदाराने तोंडानं सांगून फ्राऊ क्लेबरना पटत नाही. तो दोष अर्जदाराच्या तोंडाचा आहे. पण त्या बाई शिक्क्याच्या कागदावर विश्वास ठेवतात. फलकावर तुमचा शिक्का होता, म्हणून तर त्यांनी विश्वास ठेवला.

तुम्ही पुन्हा आभार मानलेत तर अर्जदार चौथा अर्ज करील. पण त्या एक्याऐंशी वर्षांच्या आहेत आणि हिवाळा सुरू झालाय, एवढं ध्यानात घ्यावं.

आपली नम्र, आणि या खेपेला खरी,

मनोरमा श्रीधर वाळिंबे
हिन्टरलिंडेन, मंगळवार, ७ नोव्हेंबर २०१७

सोबत :
१. शेंदराची पुडी, अर्धी वापरलेली, कोल्हापूरच्या दुकानाच्या नावासकट. तुमच्या भिंगाखाली ताडून पाहावी.
२. तांब्या. (परत हवा. सासूबाईंचा आहे.)
३. लोकरी मोजा एक, डाव्या पायाचा, टाचेला झिजलेला. प्रदक्षिणेचा पुरावा. उजवा घरी आहे, बोलावल्यास हजर करता येईल.
४. गुच्छाची रिबीन, परत.
५. जर्मन भाषांतर, पाने सहा. शेवटी ऋचाची सही, की तिने काही गाळलं नाही आणि भर घातली नाही. तिने आपण होऊन खाली एक ओळ लिहिलीय, 'मीही तिथे होते, आजीने खरंच रचलं होतं.' ती अर्जदाराने सांगितलेली नाही.

प्रत माहितीसाठी :
फ्राऊ वाल्ट्राउट क्लेबर. ही प्रत कार्यालयाने स्वतःच्या पाकिटातून, पोचपावतीच्या टपालानं पाठवावी. अर्जदाराच्या अक्षराचं पाकीट त्या उघडत नाहीत. वाचून झालं की प्रत बाकावर आणून ठेवली तरी चालेल. अर्जदार मंगळवारी चारला तिथे असते. चिवड्यात मीठ कमी घातलंय.